बाईंनी पळवलेला वाडगा

मुख्याध्यापिका बाईंचा शाळेत असा दरारा, की त्या व्हरांड्यात नुसत्या खाकरल्या तरी तीन वर्ग चिडीचूप होत. त्याच बाई दर शनिवारी दुपारी कोपरापर्यंत चिखलात माखून कुंभाराच्या चाकापुढे मान खाली घालून बसत, हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना दोन वर्षं त्यांनी मातीची भांडी केली होती. मग नोकरी, लग्न, दोन मुलं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. एक्कावन्नाव्या वर्षी धाकटी लेक शिकायला परगावी गेली तशा त्या पुन्हा चाकाकडे वळल्या. हात सगळं विसरले होते, हौस मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

शिकवणारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. सातवीचं अर्धं वर्ष बडबडीपायी वर्गाबाहेर काढलेली. तिचा नियम एकच: पहिले सहा महिने भांडं भट्टीत जाणार नाही. आठवड्यानं जरा घट्ट झालं की तारेनं उभं कापायचं, भिंती आणि तळ सारखे आहेत का बघायचं, आणि माती परत बादलीत.

"बाई, कापू ना?" ती अदबीनं विचारायची. अदबीआडून ही सातवीतलं उट्टं काढतेय, अशी बाईंना दाट शंका होती.

"काप," म्हणून बाई खिडकीबाहेर बघायच्या.

"तळ जाड राहिला, बाई."

दर वेळी तळच. आपल्या हातचं एक तरी भांडं घरात असावं, एवढीच त्यांची इच्छा. पाच महिन्यांत एक कपसुद्धा वाचला नव्हता.

मग एक वाडगा असा सुरेख झाला की तारेची कल्पनाही सोसवेना. तो घट्ट झाल्यावर, शिकवणारी पोरगी फोनवर बोलत असताना, आयुष्यभर मुलांची दप्तरं तपासलेल्या बाईंनी तो डब्याच्या पिशवीत घातला आणि शांतपणे घरी गेल्या. सहा महिने भरले की हळूच भट्टीत सरकवू, असा त्यांचा बेत. वाडगा स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला.

बाईंचा नवरा स्वभावानं गरीब, स्वच्छतेला मात्र कडवा. चार-पाच दिवसांनी त्याला खिडकीत धुळीनं भरलेला वाडगा दिसला. त्यानं तो साबणाच्या पाण्यात भिजत घातला. पेपर वाचून आला तर सिंकमध्ये वाडग्याच्या जागी गाळ. घाबरून त्यानं बाजार गाठला आणि तसाच एक वाडगा आणून खिडकीत ठेवला. तो चकचकीत होता, आणि बुडाला दुकानाची चिठ्ठी.

बाई घरी आल्या. त्यांना एका नजरेत सगळं कळलं.

"अहो, कसा झालाय माझा वाडगा?"

"छान. हातात कला आहे तुझ्या."

"ही चमक कशी आली असेल?"

"वाळल्यावर येत असेल."

दोन दिवस बाईंनी त्याला कौतुक करायला लावलं. लेकीलाही फोनवरून सांगायला लावलं. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं. "अगं, धुतला मी तो," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र बाईंचे डोळे भरून आले. तरी आवाज ऑफिसातलाच निघाला. "नेमकं काय झालं, क्रमानं सांगा."

"पेपर वाचून आलो तर भिंती विरघळलेल्या. तळाचा गोळा काही केल्या हलेना. शेवटी हातानं फोडला."

बाईंना असं हसू फुटलं की खुर्ची ओढून बसावं लागलं. म्हणजे तळ जाड राहतो हे पोरगी खरं सांगत होती.

शनिवारी त्यांनी चोरी कबूल केली. "मग अर्धा तास बाहेर उभ्या राहता का, बाई?" पोरीनं विचारलं. बाई खरोखर दहा मिनिटं उभ्या राहिल्या.

आत आल्यावर त्यांनी नवा वाडगा केला, या वेळी तळ बोटानं पुन्हापुन्हा दाबून. पुढच्या शनिवारी तार त्यांनी स्वतःच घेतली आणि खिडकीबाहेर न बघता वाडगा कापला. भिंती आणि तळ, दोन्ही अगदी सारखे.

पोरीनं कापलेल्या कडांवरून बोट फिरवलं. "बाई, हा भट्टीत घालायला हवा होता."

दोन अर्धुकं दोन हातांत धरून बाई उभ्या होत्या. मुख्याध्यापिका झाल्या त्या दिवशीही त्यांना इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी दोन्ही बादलीत टाकली आणि मातीचा नवा गोळा चाकावर आपटला.

"सरक जरा," त्या म्हणाल्या. "उजेड अडवतेयस."