बंद दुकानातल्या गोळ्या

मला टीबी झाला, तेव्हा मी नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. गोळ्या महापालिकेच्या, फुकट. पण सहा महिने, दिवसाआड, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायच्या. त्यांच्या दवाखान्याची वेळ मला जमेना, म्हणून त्यांनी माझा गोळ्यांचा खोका सदाशिव पेठेतल्या एका औषधवाल्याकडे सोपवला.

मला सवड दुपारी दीडची. आणि हे गृहस्थ एक ते चार दुकान इतकं कडक बंद ठेवत, की गिऱ्हाईक शटर बडवून थकलं तरी हलत नसत. पहिल्या दिवशी मी भीतभीत हाक मारली. शटर अर्धं वर गेलं.

"दुकान बंद आहे," ते म्हणाले. "वाकून आत या."

आत पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं. फळीवर माझा खोका, नावाची बाजू भिंतीकडे केलेली. गोळ्या गिळल्या की ते "आ करा" म्हणत आणि चष्मा कपाळावर चढवून तोंडात बघत.

दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं, तसा मी एक दिवस गेलोच नाही. तासाभरात ते स्कूटरवरून कंपनीच्या फाटकाशी हजर. खिशात गोळ्या, हातात पाण्याची बाटली. वॉचमनला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "मामा आलेत म्हणावं."

शेवटच्या दिवशी मी पेढे नेले. त्यांनी आधी माझं तोंड तपासलं, मगच पेढा घेतला.

"आता एक ते चार यायचं नाही," शटर उचलत ते म्हणाले. "दुकान बंद असतं."