हवामानाच्या बातम्यांत घातलेली हाक

ऑर्व्हिल टीचाउट बकहॉर्न टेकडीवरचं एफएम केंद्र सांभाळायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या दूध उत्पादकांच्या संघाने सहा टेकड्यांवर अशी सहा केंद्रं उभारली होती. एका टेकडीने हवेतून कार्यक्रम पकडायचा आणि पुढच्या टेकडीकडे धाडायचा. केंद्राला लागूनच दोन खोल्या होत्या. तिथे तो आणि लेनोरा, दोघंच राहत. एफएमचे रेडिओ फार थोड्या घरांत होते. संघ ही केंद्रं गुंडाळणार, अशी कुजबुज होती.

एकोणीसशे एक्कावन्नच्या फेब्रुवारीत तीन दिवस हिमवादळ घोंघावलं. फोनची तार तुटली, रस्ता कुंपणांसकट गाडला गेला. तिसऱ्या दिवशी लेनोराच्या पोटात उजवीकडे कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती तापाने फणफणली.

"मी चालत खाली जातो, डॉक्टरला आणतो."

"तू वाटेत गोठशील आणि मी इथे एकटी मरेन. जाऊ नकोस."

दर तासाला केंद्राचं नाव सांगण्यापुरता एक माईक होता. त्यावर खासगी शब्द बोलला तर नोकरी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हवामानाच्या बातम्या चालू होत्या. त्याने त्या मध्येच तोडल्या.

"मी ऑर्व्हिल टीचाउट, बकहॉर्न टेकडी. माझ्या बायकोचं अपेंडिक्स फुटतंय बहुतेक. कुणी ऐकत असाल तर या हो!"

उत्तर ऐकायची सोयच नव्हती. कुणी ऐकलं की नाही, देव जाणे. तो दर पाच मिनिटांनी तेच बोलत राहिला, मध्येच धावत जाऊन तिचं कपाळ पुसून येऊ लागला. दोन तासांनी घसा बसला. मग शब्द संपले, नुसतंच "या हो, या हो" उरलं.

चारच्या सुमारास घंटांचा आवाज आला. पायथ्याची हल्डा क्रँडल, साठीची विधवा, दोन घोड्यांची घसरगाडी हाकत आली होती.

"बघतोस काय? उचल तिला! रेडिओवर हाक ऐकताच निघाले, पण घोड्यांच्या छातीपर्यंत बर्फ होता, म्हणून उशीर झाला."

तिघांनी मिळून इस्पितळ गाठलं. अपेंडिक्स फुटलंच होतं. लेनोरा पाच आठवडे खाटेवर होती. दोनदा तर डॉक्टरांनी आशा सोडली होती.

मार्चमध्ये बडतर्फीचं पत्र आलं. ऑर्व्हिलने ते तिच्या उशाशी बसून वाचलं.

"त्या दिवशी आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते मी," ती क्षीण आवाजात म्हणाली. "अख्ख्या जिल्ह्यासमोर किती रडलास रे!"

"आता खायचं काय आपण?"

"खाली जाऊ. माणसांत राहू."

तो बुटांच्या कारखान्यात लागला. पण यंत्राच्या खडखडाटात लेनोराची हाक ऐकू आल्यासारखं होऊन तो कितीदा तरी काम टाकून घरी धावायचा.