फ्रिजमधले डॅफोडिल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. आज सकाळपासून कशातच जीव लागत नाहीये.

मालतीवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. नाशिकच्या आमच्या घरात त्या वर, आम्ही खाली. त्यांनी नुसती काडी खोचली तरी जगते, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. आणि मग माझ्या सुकलेल्या तुळशीकडे बघायच्या. हसून बघायच्या — पण बघायच्याच.

एका वर्षी वहिनींनी डॅफोडिलचे कंद मागवले. किती दिवस निवडत होत्या! एक पिवळाधमक हवा, एक पांढऱ्या पाकळ्यांत केशरी वाटीवाला, एक भरगच्च दुहेरी पाकळ्यांचा. मी आपला त्याच जातकुळीतला साधा नर्गिस घेतला. त्याला थंडीचे लाड लागत नाहीत. वहिनींच्या कंदांना मात्र लावण्याआधी कितीतरी आठवडे गारवा हवा, आणि आपली नाशिकची थंडी त्याला पुरत नाही. त्यांचा फ्रिज लहान, म्हणून कंदांची कागदी पिशवी माझ्याकडे आली. "सांभाळ गं," म्हणाल्या.

सांभाळलं? — पिकत्या फळांजवळ ठेवले तर कंदातली कळी आतल्या आत मरते, हे मी वाचलं होतं. वहिनींना ते ठाऊक नव्हतं. मी बाजारातून पेरू आणले, चांगले पिकलेले, आणि त्याच कप्प्यात ठेवले. संपले की पुन्हा आणले. चुकून नाही हो. फ्रिज उघडला की घमघमाट यायचा, आणि आपण काय करतोय ते मला स्वच्छ कळायचं.

वहिनींच्या कुंड्यांत नुसती पात आली, कांद्यासारखी. माझा नर्गिस फुलला. सासूबाईंनी चारचौघांत कौतुक केलं आणि मला — खरं सांगू? — फार गोड वाटलं.

"माझ्या हातातला गुणच गेला बघ," वहिनी म्हणाल्या. हळूहळू त्यांनी सगळ्या कुंड्या मला देऊन टाकल्या. गच्ची रिकामी झाली. सांगून टाकायचं म्हणून मी कितीदा जिना चढले! चहा पिऊन खाली आले.

यंदा त्यांच्या लेकीने पुन्हा तसलेच कंद पाठवले. वहिनींनी पिशवी न उघडताच माझ्याकडे दिली. मी फ्रिजमध्ये एकही फळ ठेवलं नाही.

आज सकाळी केशरी वाटीवाला उमलला. मी हाक मारली. वहिनी आल्या, दोन्ही हात पाठीमागे धरून कुंडीपाशी वाकल्या, कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, "हात लावून बघा ना."

"नको गं," त्या म्हणाल्या, "माझ्या हाताने कोमेजेल."