कमलआत्याच्या झोपेतलं जहाज

"आज ती पोरगी भोपळ्याच्या वावरातून पळाली. पायात बूट, तरी काय पळायली होती!"

आत्या हे अंगणात म्हणाली आणि आत माझ्या हातातला कप कलंडला. कारण ते भोपळ्याचं वावर माझं होतं. बूट माझे होते. आणि ती पोरगी, म्हणजे इलेनॉर, तर पूर्णपणे माझी होती. अर्ध्या तासापूर्वीच मी तिला पळवलं होतं... लॅपटॉपवर, इंग्रजीत, पासवर्डच्या आड.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की या अनुभवांच्या ग्रुपवर कुणी "दार आपोआप उघडलं" असं लिहिलं की मी मनात "कडी तपासा" म्हणून पुढे जायचे. त्यामुळे तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

मी नांदेडची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे चारचौघांत इंग्रजी बोलायची लाज वाटते आणि मराठी बोलायची भीती. एकूण कमीच बोलते. मार्चमध्ये आत्याकडे जळकोटला गेले होते. सांगायला कारण पापड करायचे होते हे. खरं कारण, लातूरचा एक इंजिनिअर मला नुकताच पाहून गेला होता. "नोकरी सोडावी लागेल," असं तो म्हणाला आणि मी हसले. घाबरले की मी हसते. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" आई म्हणाली, "तिचं काही नसतं." आमच्याकडे मुलगी गप्प राहिली की होकार धरतात, मी तर वर हसलेही होते. येत्या रविवारी सुपारी फुटणार होती.

कादंबरीचं कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेत इंग्रजांची वसाहत नुकती वसलीय, नदीकाठी लाकडी घरं, तंबाखूचे मळे, आणि गावात बायकाच नाहीत. म्हणून विलायतेहून लग्नाच्या मुलींचं जहाज येतं. इलेनॉर त्यातून उतरते. एक दाढीवाला मळेवाला तिला मागणी घालतो. तिला मात्र आवडतो लाकडी पिंपं बनवणारा थॉमस. किनवटच्या पलीकडे न गेलेल्या मला हे का सुचतं, ते विचारू नका.

आत्या चौथी शिकलेली, इंग्रजी शून्य. दुपारी जेवण झालं की अर्धा तास तिचा डोळा लागतो. त्याच अर्ध्या तासात, भिंतीच्या अलीकडे, मी लिहीत असते. ती उठली की अंगणात पापड लाटायला बसतात — ती, शेजारच्या गोदाकाकू आणि शबानाभाभी. आठवडाभर आत्या त्यांना रोजचं स्वप्न सांगत होती आणि मी कानात हेडफोन घालून बसल्यामुळे मला पत्ताच नव्हता. त्या गुरुवारी हेडफोनची चार्जिंग संपली, एवढंच.

मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"त्या दाढीवाल्यानं पोरीपायी तंबाखू तोलून दिला," आत्या सांगत होती.

गोदाकाकूंचं लाटणं थांबलं. "नवऱ्यानं द्यायचं? पोरीच्या बापानं काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

"कुठं आलं हे गाव? माझ्या दोन पोरी हायत अजून."

"पर आत्या, तुम्हाला त्यांची जबान समजती?" शबानाभाभींनी विचारलं.

"एक अक्षर न्हाई. मतलब समजतो. त्या पिंपवाल्याचं तर मला लई वाईट वाटतं. गरीब हाय, आन् डाव्या हाताची करंगळी अर्धीच."

इथे मी उंबऱ्यावर बसले. कारण करंगळीचं मी अजून लिहिलंच नव्हतं. सकाळी दात घासताना फक्त मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग केला. कथेला काहीही गरज नसताना एक शेळी घातली, आणि तिला पाद्रीबाबांची टोपी खायला लावली. अर्ध्या तासाने आत्या पदर तोंडाला लावून हसतच बाहेर आली. "अगं, शेळीनं त्या काळ्या झग्यावाल्याची टोपी खाल्ली गं!" बायका इतक्या हसल्या की दोन लाट्या एकमेकींना चिकटल्या. मला पहिल्यांदाच वाचक मिळाले होते आणि मला घाम फुटला होता.

मग शनिवार. दुसऱ्या दिवशी सुपारी, म्हणून संध्याकाळी बाबा मला न्यायला येणार होते. मी ठरवलं, लग्नाचा प्रसंग उरकून टाकू. तसं मी वाचलं होतं की त्या जहाजातल्या मुलींना नकार द्यायची मुभा होती. ते मी सोयीने विसरले. दाढीवाल्याने विचारलं. इलेनॉरने मान खाली घातली आणि हसली. चर्चची घंटा वाजली.

आत्या बाहेर आली ती पदरही न सावरता. "नुसती हसली."

"कोण?"

"ती पोरगी! दाढीवाल्यानं विचारलं, तर हसली. त्यांनी लगेच घंटा बडवली."

गोदाकाकूंनी लाटणं पोळपाटावर आपटलं. "तोंड शिवलंय का तिचं? एवढा समिंदर ओलांडून आली, दोन शब्द बोलाय काय झालं?"

शबानाभाभींनी पीठ झाकलं. "आत्या, तुम्ही जाव. फिरसे सोव."

"आता? चार वाजता?"

"हौ. आम्ही लाटतो. तुम्ही ते नीट करून घेऊन या."

आणि आत्या खरंच परत जाऊन बाजेवर आडवी झाली! तेवढ्यात बाबा आले, ठरल्यापेक्षा लवकर. "हळू," गोदाकाकूंनी त्यांना दटावलं, "बाई कामानं झोपलीय." बाबा काही न कळून ओट्यावर टेकले.

मी शेवटचं पान पुसलं. इलेनॉरला बोलतं करायला बसले. "आपल्याविषयी मला अत्यंत आदर आहे, तथापि..." पुसलं. "माझ्या मनाची तयारी..." पुसलं. इंग्रजीत किती सभ्यपणे गप्प राहता येतं, ते मला तेव्हा कळलं. पलीकडे आत्याचं घोरणं थांबलं, आणि ती झोपेतच पुटपुटली, "बोल की गं माय..."

माझी बोटं हललीच नाहीत. तोंड हललं. "नाही," मी म्हणाले, मला वाटतं बऱ्यापैकी मोठ्याने. "मला नाही करायचं."

बाज करकरली. आत्या धावत अंगणात. "बोलली! बोलली! पर आज मराठीत बोलली गं!"

हे काय होतं, मला अजून माहीत नाही. शेवटचं वाक्य तिने भिंतीआडून ऐकलं असेल, मान्य. पण मग शेळी कुठून ऐकली? करंगळी? आत्याला विचारलं तर ती म्हणते, "मला काय म्हाईत, मी तर झोपले होते."

त्या दिवशी मात्र अंगणात गोंधळ उडाला होता आणि ओट्यावरून बाबा विचारत होते, "अरे, पण कोण बोललं? काय नाही करायचं?"

मी दारात आले. तिन्ही बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हसू ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं.

"मी बोलले, बाबा. लातूरला नाही म्हणून कळवा."