गाडी बदलायला उतरलेली बाई

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण तेवढं जसंच्या तसं समोर उभं राहतं, आणि उभं राहिलं की मला स्वतःचीच चीड येते.

तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जंक्शनच्या गावी फौजदार होतो. मोठ्या लाइनीच्या गाडीतून उतरायचं, रूळ ओलांडायचे आणि पलीकडची छोटी गाडी धरायची. दोन्ही लाइनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या. सामान पावतीवर इकडून तिकडे जाई. माणसानं आपलं आपण जायचं.

ऐन उन्हाळ्यात एक शेतकरी ठाण्यावर आला. त्याची बहीण सोलापुरात गिरणीतल्या विणकराला दिलेली, सातवा सरत आलेला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली होती. नवऱ्याला गिरणीतून रजा मिळाली नाही, म्हणून त्यानं तिला एकटीलाच बायकांच्या डब्यात बसवून दिलं. हा भाऊ छोट्या लाइनीच्या स्टेशनावर बैलगाडी घेऊन उभा होता. बहिणीची ट्रंक उतरली, बहीण उतरली नाही. सासरच्यांनी ऐनवेळी ठेवून घेतली असेल, असं त्याला वाटलं. सासरचे समजत होते, पोचली. यात नऊ दिवस गेले.

"तिच्या सासरचं पत्र आलं तवा कळलं, साहेब," तो म्हणाला. "ती तितं बी न्हाय, हितं बी न्हाय."

दुसऱ्याच दिवशी एका हमालानं खबर दिली. त्याच्या जोडीदाराच्या घरी नवा तांब्या आलाय आणि त्यावर दुसऱ्याचंच नाव घातलंय. झडती घेतली. नाव त्या बाईच्या बापाचं होतं, लग्नात आंदण दिलेलं भांडं. त्या जोडीदार हमालाला उचलून आणलं.

"बाईनं पाणी आणाया तांब्या दिला," तो सांगू लागला. "ट्रंक मी पलीकडं गाडीत चढवली व्हती. पाण्याला लई गर्दी. भरून आलो तर बाई न्हाय. गाडी बी न्हाय. लई वाट बघितली, मग भ्यालो नि तांब्या घरी नेला."

दोन दिवस तो हेच सांगत राहिला. मी त्याला मारलं. त्या काळी त्याला चौकशीच म्हणत, पण मारलं ते मारलं. माझा युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता. पलीकडे जाणारं एक जरी माणूस असलं, तरी मोठ्या स्टेशनातून तशी चिठ्ठी जाई आणि छोटी गाडी थांबवून धरत. त्या दिवशीची चिठ्ठी मी मागवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'कोणी नाही'. मग बाई पलीकडे जायला उतरली, हे खोटंच; हमालानंच तिचं काही बरंवाईट केलं असणार.

तिसऱ्या दिवशी, जबाब पक्का करायचा म्हणून, मी चिठ्ठी लिहिणाऱ्या बाबूकडे गेलो. माणसं मोजता कशी, एवढंच विचारलं.

"पुरुषांच्या डब्यांपाशी हाक मारतो," बाबू म्हणाला. "बाईमाणसाचं तिकीट तिच्या माणसाजवळच असतं की. बायकांच्या डब्यात काय विचारायचं?"

ही तर एकटीच निघालेली; हिचं तिकीट हिच्याच पदराला बांधलेलं असणार.

मी हमालाला सोडायला सांगितलं आणि छोट्या लाइनीच्या रुळांवरून चालत सुटलो. ती गाडी बैलगाडीपेक्षा थोडीच जलद. समोर आपली ट्रंक घेऊन निघालेली गाडी बघून बाई तिच्यामागं गेली असणार. पुढच्या स्टेशनात गाठू, असं तिला वाटलं असेल. भर दुपार, पोटुशी बाई, आणि पाण्याचा तांब्या हमालाच्या हातात.

चार मैलांवर रूळ तपासणारा गँगमन भेटला. बाईबद्दल विचारताच त्यानं रुळांखालच्या पुढच्या मोरीकडं बोट केलं.

"ती व्हय? त्याच दिशी सांजच्याला घावली की, मोरीखाली सावलीला. पाटलानं कागद केला."

मोरीपासून शेजारच्या ठाण्याची हद्द लागे. मी परत आलो आणि 'परहद्द' लिहिलेलं, दुसऱ्या ठाण्यांकडून आलेल्या कागदांचं गाठोडं स्वतः सोडलं. शेजारच्या ठाण्यानं रीतसर पाठवलेलं बेवारस मयताचं वर्णन त्यात होतं. बाई, वय अंदाजे वीस, हिरवा चुडा, पायांत जोडवी, गरोदर. भाऊ माझ्या समोर बसून रडला, त्याच्या आठवडाभर आधी तो कागद आला होता. खाली 'पाहिले' असा शेरा आणि माझी सही. पाहिलं असेनही. वाचलं नव्हतं.

भावाला सगळं सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं, "तिला आग्नी कुणी दिला?"

पंचनाम्यात तसा रकाना नसतो. म्हणून मी त्याला घेऊन त्या गावी गेलो. म्हातारा पोलीस पाटील चावडीत बसला होता.

"आमीच दिला," तो म्हणाला. "कुणाची तरी लेक हाय म्हणून माझ्या सुनंनं वटी भरली तिची. दोन दीस वाट बी बघितली आमी, कोन इतंय का म्हणून. उन्हाळा, किती ठिवणार?" मग माझ्याकडं बघून, काही दोष न देता, त्यानं पुढं म्हटलं, "तुमच्याकडं कागद धाडला व्हता की, साहेब."

पुढं नोकरीभर, कुठल्याही ठाण्यावर असलो तरी, सकाळच्या हजेरीला बेवारस मयतांचे कागद मी मोठ्यानं वाचून घ्यायला लावले. हद्द कुणाचीही असो. हाताखालचे शिपाई कंटाळत, मागं हसत. त्या हमालाची माफी मागायला मात्र मी गेलो नाही. फौजदारानं हमालाची माफी मागायची नसते, असं तेव्हा वाटे.