गुप्तदानाचं पाकीट
डिंकाची बाटली उघडली की मला आमच्या चर्चची मागची खोली आठवते. नाताळ तोंडावर आला होता, शेजारी कॅरलची तालीम चालू होती आणि आम्ही चौघं वर्षअखेरच्या दानाची पाकिटं तयार करत बसलो होतो. आयटीत नुकताच लागलेला आमचा सेक्रेटरी कॉम्प्युटरवर छापलेली लेबलं घेऊन आला. लेबलावर ‘गुप्तदान’ आणि खाली बारीक नंबर. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. “गुप्त आहे तर नंबर कशाला?” “मोजायला सोपं जातं, अंकल.” “पाकिटं मोजायला की माणसं?” कुठला नंबर कुणाच्या घरी गेला याची यादी याच्याकडे असणारच, हे मी इतकं लावून धरलं की शेवटी त्यानं कात्रीनं सगळे नंबर कापून टाकले. पाळकसाहेबांनी माझे आभारही मानले. दर वर्षी पाकिटं फोडायचं काम असलेल्या निवृत्त शिक्षिकाबाई मात्र माझ्या हातांकडे बघत होत्या. नमुन्याचं पाकीट मी कडेपर्यंत डिंक लावून बंद करत होतो. निघताना दारात त्या हळूच म्हणाल्या, “कंपनीनं व्हीआरएस दिल्यापासून तुमचे दोन नाताळ झाले ना? दोन्ही वर्षी एक पाकीट असंच गच्च चिकटवलेलं होतं. उघडताना माझं नख तुटलं, आणि आत काही नाही. अहो, रिकामं पाकीट कुणी इतकं चिकटवतं का?” हल्ली माझ्या पाकिटात थोडंफार असतं, पण ते मी उघडंच टाकतो.