पांदणीतला गारा

मागच्या वर्षी माझं नाव कापलं गेलं, हे मला माझ्याच ट्रकच्या ड्रायव्हरकडून कळलं. गोदामासमोर गाडी लावता लावता तो सहज म्हणाला, "शेठ, तुमी नाई गेले का धावाले? तुमचे दोस्त तं लाल बनियन घालून चालले होते."

"काम होतं," मी म्हणालो. मग ताडपत्री नीट बांधली नाही म्हणून दिवसभर त्याच्यावर ओरडत राहिलो. ताडपत्रीचा काहीच दोष नव्हता.

आमचं गाव कारंजा घाडगे. मी संत्र्याचे बगीचे घेतो. झाडावरचं फळ नजरेनं जोखायचं आणि तोडायच्या आधीच सौदा करायचा, हा माझा धंदा. बाजारात डोक्यावर पेट्या वाहण्यापासून मी सुरुवात केली आणि कुणाच्या ओळखीनं नाही, तर तोंडाच्या जोरावर इथवर आलो. सौदा करताना माझा आवाज चढतो. समोरच्याचाही चढतो, पण लोकांच्या लक्षात माझाच राहतो.

धावण्याचं खूळ मीच काढलं होतं. डॉक्टरनं साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं आणि मी दोघा मित्रांना अंथरुणातून ओढून काढलं. एकाचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पहाटे आम्ही हायवेच्या कडेनं, धाब्यांवर झोपलेल्या ट्रकांच्या रांगेवरून जायचो. आधी चालत, मग थोडं धावत, मग बरंच धावत. दर पावसाळ्यात आमच्याकडच्या टेकड्यांमध्ये जी चिखलातली शर्यत होते, तिच्यात तिघांची टोळी म्हणून उतरायचं ठरलं, तेही माझ्याच तोंडून. आणि नाव द्यायच्या वेळी बियाणेवाल्यानं माझ्या जागी स्वतःच्या साळ्याचं नाव टाकलं. विचारलं तर म्हणाला, "तू धावतं कमी अन् भांडतं जास्त. तिथं बाहेरगावचे लोकं येतात, आमची इज्जत जाते."

हे वाक्य मी वर्षभर चघळलं. रोज सकाळी त्यांच्यासोबत धावलो, पण ते विसरलो नाही.

यंदा साळ्याचा गुडघा सुजला. दोघं गोदामात आले. आमच्या धंद्यात जो दुसऱ्याच्या दारात येतो, त्याचा हात खाली असतो. मी त्यांना बराच वेळ चहाही सांगितला नाही.

"नाव देऊन राह्यलो तुहं," बियाणेवाला म्हणाला.

"आधी म्हण, मागच्या साली चुकलो."

"चुकलो कायचं? सगळ्यायले माहीत आहे तू कसा आहे ते."

"मंग साळ्यालेच ने. खांद्यावर घेऊन ने."

मास्तरनं दोघांना थांबवलं. तो वर्गात पोरांची भांडणं सोडवतो तसा बोलतो, आधी एकाकडे बघून, मग दुसऱ्याकडे. सौदा त्यानंच ठरवला. शर्यतीच्या शेवटच्या रेघेपर्यंत मी एकदाही आवाज चढवला नाही, तर पुढे टोळीतली जागा कायमची माझी, साळ्याचा गुडघा बरा झाला तरी. चढवला, तर जागा साळ्याची आणि मी पुन्हा तो विषय काढायचा नाही. पंच मास्तर.

मला राग आला होता, पण सौदा चांगला होता. मी हात पुढे केला.

पोळा तोंडावर आला होता. रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबला होता आणि आभाळ खाली उतरल्यासारखं दिसत होतं. शर्यत सुरू होताच रस्ता पांदणीत शिरला. दोन शेतांच्या मधून जाणारी ही बैलगाडीची वाट पावसाळ्यात वाट राहतच नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि त्या चिखलाला आम्ही गारा म्हणतो. गारा बुटाला लागला की सुटत नाही. दर पावलाला थर चढत जातो, आणि थोड्या वेळानं माणूस दोन्ही पायांना उखळ बांधल्यासारखा चालायला लागतो.

बाहेरचे लोक मधून धावत होते आणि पडत होते. मी दोघांना काठानं घेतलं, गवताच्या पट्ट्यावरून. मागून एक धिप्पाड गडी मला खांदा मारून पुढे निघाला. मी बाजूच्या तुरीत गुडघ्यावर आलो. जिभेवर आलेली शिवी मी दातांनी धरली. मास्तर वळून माझ्याकडे बघत होता.

"पाय घसरला," मी म्हणालो.

"तोंड नाई घसरलं, हे चांगलं झालं," बियाणेवाला म्हणाला.

पांदण संपली तिथं विहिरीजवळ पहिला टप्पा होता. पुण्याकडची एक मुलगी छत्रीखाली उभी राहून नंबर टिपत होती. तिघांनी एकत्र हजर व्हायचं, एक सुटला तर तिघंही बाद, हा टोळीचा नियम तिनं पुन्हा समजावला. मागे लोक अजून पडत होते, एक बाई तर रडकुंडीला आली होती. कुणीतरी मदतीला पाठवावं म्हणून मी जाता जाता म्हणालो, "म्याडम, तिकडं पांदणीत लय गारा आहे. लोकं पडून राह्यले."

"गारा?" तिनं आभाळाकडे पाहिलं. "जोरात आहेत?"

"लय जोरदार," मी म्हणालो आणि पुढे पळालो.

पुढची पांदण पहिलीपेक्षा वाईट होती. तिच्यातून एक नाला पार केला, एका बगीच्याच्या कुंपणाला धरून चढलो. बगीचा बघून सवयीनं माझी मान वर गेली, आणि बियाणेवाला मागून म्हणाला, "सौदा नंतर करजो, शेठ, आता पाय चालव." टेकडीच्या पायथ्याशी टिनाचं शेड होतं, तो दुसरा टप्पा. तिथं जाऊन बघतो तर सगळी शर्यत शेडखाली उभी. शिट्टी गळ्यात घातलेला माणूस दोन्ही हात पसरून सगळ्यांना आत ढकलत होता.

"काय झालं?" मास्तरनं विचारलं.

"मागे गारपीट सुरू झालीय. वर उघडं रान आहे, कुणालाही सोडणार नाही."

मी संत्र्याचा माणूस. गारपिटीची धास्ती मला जेवढी, तेवढी त्या शिट्टीवाल्याला जन्मात नसेल. ती उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि झाडाखाली फळांचा सडा पाडून जाते. पोळ्याच्या तोंडावर गारपीट मी कधी पाहिली नव्हती.

"कोणं सांगतलं?" मी विचारलं.

"मागच्या टप्प्यावरून फोन आला. एका धावणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. केशरी बनियन, मोठ्या मिशा."

शेडमधली सगळी तोंडं माझ्या बनियनकडे वळली. मग माझ्या मिशांकडे.

काय झालं ते मला उमगायच्या आधी आमच्याकडच्या लोकांना उमगलं. देवळीहून आलेला एक जण खांबाला धरून हसायला लागला. "अबे, हा गारा म्हणला अन् ते गारा समजली," असं तो बाकीच्यांना सांगत सुटला. मी शिट्टीवाल्याला समजावलं की गारा म्हणजे चिखल, आभाळातून पडतात त्या गारा नाहीत. तो भला माणूस होता, त्यानं ऐकून घेतलं. पण म्हणाला, "काका, माझ्याकडे निरोप गारपिटीचा आहे. तो जिनं दिला तिनंच मागे घ्यायला हवा. तिचा फोन आता लागत नाहीये. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर मी काय सांगू? थोडा वेळ बघतो, नाहीतर शर्यत इथंच संपली असं जाहीर करतो. मेडल सगळ्यांना मिळेल."

"तुमचं डोकं..." माझ्या तोंडून निघालं.

मास्तर खोकला.

"तुमचं डोकं शांत आहे, हे बरं आहे," मी वाक्य पुरं केलं. आवाज खालीच होता. 

शर्यत इथंच संपली तर सौद्याचं काय? शेवटच्या रेघेपर्यंत, असं ठरलं होतं. रेघ टेकडीपलीकडे होती. रेघ ओलांडली नाही तर बियाणेवाला पुढच्या वर्षी म्हणणार, सौदा पुरा झालाच नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

मी शिट्टीवाल्याला विचारलं, "मागं जाऊन तिले इकडं आणलं तर?"

"मागे? या चिखलातून?" तो म्हणाला. "नियमात अडचण नाही, जबाबदारी तुमची. पण तुम्ही टोळीतले आहात, तिघंही एकत्र जावं लागेल."

मास्तर हळूच म्हणाला, "चाल." त्याला पळायचंच होतं, त्याच्या शाळेतली पोरं पलीकडे वाट बघत उभी होती. बियाणेवाला मात्र खाली बसला, बूट काढले आणि काडीनं एकाचा गारा खरवडू लागला.

"मी नाई येत. मेडल भेटून राह्यलं ना, मंग कायले मरतं? गारा तू बोलला, तू जा."

माझा आवाज पोटातून निघून गळ्यापर्यंत आलेला मला कळत होता. तो मला चिडवत होता की खरंच थकला होता, हे मला ठरवता येईना. आणि मला एकदम सौद्यातली गोष्ट आठवली. समोरचा अडून बसतो तेव्हा तो भावासाठी अडलेला नसतो, दुसरंच काहीतरी असतं. तेव्हा बोलायचं नाही, बसायचं. मी त्याच्याजवळ चिखलात बसलो आणि दुसरी काडी घेऊन त्याचाच दुसरा बूट खरवडायला लागलो.

त्यानं हातातली काडी फेकून दिली. मग त्याचाच आवाज चढला. "वर्षभर तोंड फुगवून राह्यला तू. रोज सकाळी बाजूनं धावतं अन् बोलत नाई. एवढं काय झालं होतं बे?"

"तू म्हणला, मी भांडतो म्हणून इज्जत जाते."

"मंग काय म्हणू? घरी बायको आठ दिवस बोलली नाई, तिच्या भावाले घ्या म्हणून. तिच्यापुढं माहं चालत नाई, हे तुले सांगू? तुले? तू गावभर केलं असतं."

केलंच असतं. पण हे ऐकून माझ्या रागात तेल पडलं. एका बाईसमोर याची हिंमत झाली नाही म्हणून यानं माझ्या स्वभावावर ढकलायची वाट निवडली, ती सोपी होती, सगळ्यांना पटणारी होती, आणि मी सुद्धा वर्षभर स्वतःला त्याच मापानं मोजत राहिलो. शेडमधले लोक आमच्याकडे बघत होते. ओरडायला यापेक्षा चांगलं कारण मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

मी बूट त्याच्यापुढे ठेवला. "घाल," मी म्हणालो. "हे मले मागच्या साली सांगतलं असतं तं मी वहिनीसोबत भांडलो असतो, तुह्यासोबत नाई. आता चाल."

त्यानं दोन्ही बूट घातले. नाड्या आवळून उठला.

आम्ही उलटे निघालो. समोरून येणारे धावणारे आम्हाला वेडे समजून वाट देत होते. कुंपण, नाला, पांदण, पुन्हा तोच गारा. विहिरीजवळ ती मुलगी फोन वर धरून रेंज शोधत होती. मी शांतपणे सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "पण तुम्ही म्हणालात, जोरदार..."

"चिखल जोरदार होता," मास्तर म्हणाला.

ती आमच्यासोबत पायी निघाली. पांदणीच्या मध्यावर तिचा बूट आत रुतला आणि पाय मोकळाच वर आला. बूट शोधायला तिनं हात घातला, तो कोपरापर्यंत गेला.

"हा गारा का?" तिनं विचारलं.

"हाच," बियाणेवाला म्हणाला. "पण याच्यानं डोकं नाई फुटत, म्याडम. नुसता बूट जाते."

ती हसली आणि तशीच अनवाणी पुढे चालली. शेडजवळ पोचल्यावर तिनं शिट्टीवाल्याला निरोप मागे घेतल्याचं सांगितलं, आणि त्यानं शिट्टी फुंकली. ताजेतवाने झालेले लोक टेकडीवर सुटले. तीच पांदण तिसऱ्यांदा तुडवलेले आम्ही सगळ्यांच्या मागे राहिलो.

टेकडीवर बियाणेवाल्याच्या पोटरीत गोळा आला. तो थांबला, पुन्हा चालला, पुन्हा थांबला. "तुमी व्हा पुढं," असं एकदा त्याच्या तोंडून निघालं आणि त्याला लगेच कळलं की तसं करता येत नाही. मी त्याच्या एका बाजूनं खांदा दिला, मास्तरनं दुसऱ्या. उतारावर तिघांचे पाय एकाच तालात पडेनात, तरी आम्ही सोडलं नाही. माझ्या छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. तो जड होता. मी त्याला तेही सांगितलं, पण हळू आवाजात.

शेवटची रेघ आली तेव्हा तिथले लोक पताका सोडत होते. त्यांनी अर्धी सोडलेली पताका पुन्हा धरली आणि आम्ही खालून वाकून गेलो. शाळेतल्या पोरांनी मास्तरला घेरलं.

बियाणेवाला जमिनीवर आडवा झाला, आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "झालं तुह्या मनासारखं. आता पुढच्या साली नाव देताना तुले विचारत नाई, टाकूनच देतो."

"नाई," मी म्हणालो. "विचारजो. घरी येऊन विचारजो. यायचं का नाई, ते मी ठरवीन."

मास्तर पोरांमधून म्हणाला, "हे सौद्यात नव्हतं."

"मंग टाका सौद्यात," मी म्हणालो, आणि इतका वेळ दाबून धरलेला आवाज तिथं पहिल्यांदा पुरा मोकळा केला.